शटरवरची उडी

१

"झाका कान!" वाटाडी ओरडली, आणि घोळक्याने बोटं कानांत घातली.

तिच्या फेरीतली ही सगळ्यात लाडकी घटका. दिवेलागणीला निघायचं, गल्ल्याबोळांतल्या भिंतींवरची चित्रं दाखवायची, मधेमधे चिमुकल्या बारमध्ये पाय मोकळे करायचे, आणि शेवटी या बोळात, ‘पिंप’ नावाच्या बारसमोर येऊन थांबायचं. कारण या भागातलं सगळ्यात देखणं चित्र भिंतीवर नव्हतंच. ते पिंपाच्या शटरवर होतं. बार उघडा असला की चित्र गुंडाळून वर जाऊन बसायचं, आणि बार बंद झाला की बघायला बोळात चिटपाखरू नसायचं. म्हणून रोज संध्याकाळी, फक्त या फेरीसाठी, पिंपवाला हातातला ग्लास बाजूला ठेवायचा आणि आतून साखळी ओढून शटर खाली सोडायचा.

आधी यायचा एक छोटा ढग, मग दोन अनवाणी पाय, मग पिवळा फ्रॉक आणि सगळ्यात शेवटी उघडलेली छत्री. शटर उतरत असताना खरंच वाटायचं, की पोरगी छपरावरून उडी मारून आपल्या पुढ्यात येतेय. पायांखालचा ढग म्हणजे चित्रकर्तीची युक्ती होती. शटर बसवणाऱ्याने तळपट्टीवर ठोकळ्या आकड्यांत आपला फोन नंबर छापला होता, तो झाकायला काढलेला. "चित्रकार सही विसरेल," वाटाडी हसत सांगायची, "पण शटरवाला नंबर छापल्याशिवाय काम सोडायचा नाही!"

बाकी त्या शटरचा एकच दुर्गुण. चढताना मुकाट, पण उतरताना अशी बोंब ठोकायचं की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत.

वाटाडी स्वतः शटरकडे कधीच बघायची नाही. तिची पाठ शटरला, तोंड पाहुण्यांकडे, तळवे स्वतःच्या कानांवर. चित्र काय, पाठच होतं. चेहरे रोज नवे. आजही समोर नवविवाहित जोडपं एकमेकांचे कान झाकून उभं होतं. चित्रं जपणाऱ्या समितीकडून आलेल्या समितीबाईंनी बोटं तर कानांत घातलीच होती, वर डोळेही गच्च मिटले होते. टोपीवाले गृहस्थ, याच महिन्यात तिसऱ्यांदा फेरीला आलेले, हात कोटाच्या खिशात घालून वर बघत होते. मागे शटरचा तळ फरशीला टेकला. ठक्.

आता टाळ्या.

टाळ्या आल्या नाहीत. समितीबाईंनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. वाटाडीने गर्रकन वळून पाहिलं.

पोरगी नव्हती. वरपासून खालपर्यंत नुसता राखाडी रंग होता, रोलरने आडवातिडवा फासलेला.

२

शटर गुडघाभर वर करून पिंपवाला वाकून बाहेर आला. "काय झालं? टाळ्या का नाही?" त्याच्या दोन्ही कानांत रुमालाची टोकं कोंबलेली होती, साखळी ओढायला हात लागतात, मग कान झाकणार कसे? त्याने मागे बघितलं आणि मटकन पायरीवर बसला. रुमालाचं एक टोक कानातून गळून पडलं.

"माझं... माझं चित्र!"

"तुझं कसं रे?" समितीबाई कडाडल्या. मग त्यांना स्वतःचाच आवाज मोठा वाटला असावा. त्या हळू बोलल्या, "मी आज मुद्दाम हे बघायला आले होते. या भागातलं एक चित्र आम्ही कायमचं जपणार आहोत. एकदा यादीत आलं, की ते कुणाला विकता येणार नाही, की जागचं हलवता येणार नाही. आणि ज्याचं चित्र, त्याला कोपऱ्यावरची पाण्याची टाकी रंगवायला द्यायची. आजच्या गाडीने मी परत जाणार. मी काय सांगू तिकडे?"

वाटाडीची मान आपोआप कोपऱ्याकडे वळली. त्या टाकीकडे बघत बघत तिची आत्या म्हातारी झाली होती. "एवढी मोठी गोल भिंत, पोरी, आणि तिला मेलं नुसतं पिवळं फासून ठेवलंय," हे ती दर चार दिवसांनी म्हणायची. हे शटर आत्याचंच. छत्री घेऊन उडी मारणारी पोरगी म्हणजे सहा वर्षांची वाटाडीच. आई गेल्यावर आत्याने तिला सांभाळलं. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि उरलेल्या रंगांतून ही पोर काढली.

"माफ करा हं," टोपीवाले खाकरले. "मला बोलायला नको वाटतंय. पण मागच्या आठवड्यात फेरीनंतर मी याच बारमध्ये बसलो होतो. पेंटरबाई काय म्हणाल्या? ‘हे चित्र विकलंस, तर माझ्या हाताने पुसून टाकीन.’ भर बारमध्ये! मी याच कानांनी ऐकलं."

"म्हणाली होती खरी," पिंपवाला पुटपुटला. "कुणीतरी दलाल फोन करत होता. अख्खं शटर विकत मागत होता, तोंडाला येईल तो आकडा द्यायला तयार. मी नाही म्हटलं हो! पण आत्याचा विश्वास कुठे बसतो..."

"स्वतःचं चित्र पुसणाऱ्या बाईच्या हाती शहराची टाकी कशी द्यायची?" समितीबाई म्हणाल्या. रागाने नाही, अगदी वाईट वाटून म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

"कोण पुसतंय चित्र?"

बोळाच्या तोंडाशी आत्या उभी होती. फेरी संपताना ती रोज यायची; पाहुण्यांनी केलेलं कौतुक ऐकायला, आणि ऐकलं नाही असं दाखवायला. ती पुढे आली, शटर पाहिलं आणि दिव्याखाली थिजून उभी राहिली. मग तिने हात तोंडावर नेला.

सगळ्यांचे डोळे त्या हातावर खिळले. आत्याची पाचही बोटं राखाडी रंगाने माखलेली होती.

३

"बघितलंत?" टोपीवाले हळूच म्हणाले.

"काय बघितलंत?" आत्या उसळली. "टाकीसाठी नमुना काढतेय घरी. पारव्यांचा थवा. पारवे काय, तांबडे रंगवू? ए पिंपवाल्या, पाणी आण ग्लासभर!" तिने बोटं ग्लासात बुचकळली आणि पाणी गढूळ झालं. बोटं मात्र स्वच्छ निघाली. "भिंतीचा रंग आहे हा, पाण्याचा. आता त्या शटरवर घास."

वाटाडीने ओला रुमाल शटरवर खसाखसा घासला. रुमाल कोराच राहिला.

"तेलाचा रंग," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता थोडा चिरका झाला होता. "आणि पूर्ण वाळलेला. काल रात्री मी स्वतः बघून गेले, तेव्हा पोर जागेवर होती. म्हणजे आजच. पण तेलाचा रंग एवढ्यात इतका खडखडीत वाळेलच कसा?"

"गरम हवेने वाळवला असेल," टोपीवाले म्हणाले. "या कलेत तुम्ही मुरलेल्या. तुम्हाला काय अशक्य?"

आत्याने गढूळ पाण्याचा ग्लास पायरीवर ठेवून दिला. वाटाडीला ते बघवेना.

"गाडीला अजून वेळ आहे ना?" ती समितीबाईंना म्हणाली. "मग माझी फेरी अजून संपलेली नाही. सगळे इथेच थांबा. कुणी हलायचं नाही, माझी शपथ आहे!"

आधी तिने पिंपवाल्याला गाठलं. "तुम्ही संध्याकाळी शटर उघडलंत तेव्हा दिसलं नाही तुम्हाला?"

"ताई, मी येतो मागच्या दाराने. अंधारात साखळी धरतो, शटर वर घेतो, मग दिवे लावतो. बाहेरची बाजू बघतो कोण? आणि आज दुपारभर तर मी बर्फाच्या मागे वणवण फिरत होतो."

"मागच्या दाराची किल्ली?"

"एक माझ्याकडे. एक शेजारी."

शेजारी म्हणजे लिंबूवाली. तिच्या बारमध्ये पाण्याच्या ग्लासातसुद्धा लिंबाची फोड असायची, आणि ती राहायची बारच्या वरच माडीवर. ती दारात उभी राहून ऐकत होतीच.

"मला काय विचारतेस?" वाटाडी जवळ येण्याआधीच ती म्हणाली. "दुपारी मी झोपते. कोण आलं न् कोण गेलं, मला काय ठाऊक! किल्ली खुंटीला आहे. बघ हवी तर."

"मी अजून किल्लीचं काही विचारलंच नाही, मावशी."

लिंबूवालीने पदराने कपाळ पुसलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात वाटाडीचा फोन वाजला. घरून.

"अगं, झोपत नाहीये!" नवऱ्याचा आवाज रडकुंडीला आलेला, आणि मागून त्यांच्या सात महिन्यांच्या कन्येचा सूर, त्याच्याहून वरच्या पट्टीत. "दूध झालं, ढेकर झाला, खांद्यावर घेऊन शंभर येरझारा झाल्या. पाळण्याकडे तर बघायला तयार नाही!"

"आज काय वेगळं केलंस?"

"काही नाही! उलट चांगलं काम केलं. पाळण्याची कडी किती दिवस कुरकुरत होती, तिला तेल घातलं. आता पाळणा कसा लोण्यासारखा हलतो. आणि ही बया भोकाड पसरून बसलीय."

"अरे वेड्या, तिला त्या कुरकुरीचीच सवय..."

वाटाडीचं वाक्य तोंडातच राहिलं. तिच्या डोळ्यांसमोर मघाचे सगळे चेहरे एकामागून एक उभे राहिले, बोटं कानांत घातलेले.

शटर आज ओरडलंच नव्हतं.

४

"सोन्या, मी करते हं फोन," म्हणत तिने तो बंद केला आणि धावत शटरपाशी आली. "पिंपवाले, आत जा. शटर वर घ्या. पण हळू. एकेक पट्टी."

"आता काय बघायचं राहिलंय त्यात?"

"घ्या तर!"

पट्ट्या वर सरकू लागल्या. वाटाडी डबा पालथा घालून त्यावर चढली आणि फोनचा उजेड वर मारला, शटर जिथे रुळाभोवती वाकून गुंडाळलं जातं तिथे. आत्यालाही तिने दंडाला धरून जवळ ओढलं.

"आत्या, तू मला लहानपणी काय दाखवायचीस इथे? आठवतं? मी हट्ट करायचे, पोर वर कुठे गेली म्हणून."

"सांध्यांतला रंग," आत्या सावकाश म्हणाली. "शटर सरळ असताना पट्टीत पट्टी अडकलेली असते. सांधे मिटलेले. वाकलं की सांधे उघडतात, आणि आत मुरलेला रंग दिसतो. पिवळ्या रेघा दिसायच्या. तू म्हणायचीस, फ्रॉक वाळत घातलाय." बोलता बोलता ती थांबली. मान उंचावून बघत राहिली. "पोरी, हे..."

"काय दिसतंय?"

"कोरा पत्रा! वरून राखाडी आणि सांध्यांत लखलखीत पत्रा. खाली पिवळा नाही, निळा नाही, काहीच नाही." आत्याचा आवाज चढला. "याच्यावर चित्र कधी नव्हतंच!"

"म्हणजे?" समितीबाईंनी विचारलं.

"म्हणजे चित्र पुसलेलं नाही," वाटाडी डब्यावरून उडी मारून म्हणाली. "पळवलंय. अख्खं शटर बदललंय! हे आधीच रंगवून, वाळवून आणलेलं नवं शटर आहे. पुसलेलं चित्र कुणी शोधत बसत नाही. रडायचं आणि घरी जायचं. म्हणून हा राखाडी रंग."

जोडप्यातली बायको टाळी वाजवून गेली आणि लाजून नवऱ्यामागे लपली.

तेवढ्यात लिंबूवालीने हुंदका दिला. "मीच दिली गं किल्ली! दुपारी खालून एकाने हाक मारली. म्हणाला, शेजारच्या मालकांनी पाठवलंय, शटरची कुरकुर काढायला. मी खिडकीतून टोपलीत घालून किल्ली खाली सोडली. त्या आवाजाने इतकी वर्षं डोकं उठलंय, मला तर तो देवदूतच वाटला! परत त्याने किल्ली टोपलीत टाकली, मी वर ओढली. उतरून बघितलं कुणी? आणि मघाशी भीती वाटली. म्हटलं, सगळे मलाच धरतील."

"तो माणूस दिसायला कसा होता?" टोपीवाल्यांनी विचारलं. फार तत्परतेने विचारलं.

"वरून काय दिसणार? टक्कल दिसलं."

टोपीवाल्यांनी दीर्घ श्वास सोडला.

वाटाडीने तो ऐकला. ती वाकून बारमध्ये शिरली, आणि आतून ओरडली, "शटर पूर्ण खाली घ्या!" ठक्. आत ती आणि पिंपवाला, बाहेर बाकी सगळे. तिने फोनचा उजेड आतल्या बाजूने तळपट्टीवर धरला आणि तिला हसूच फुटलं.

"काय झालं ताई?"

"शटरवाला," ती म्हणाली. "काय केलं तरी शटरवालाच!"

५

ती बाहेर आली तेव्हा टोपीवाले घड्याळाकडे बघत होते. "मला निघायला हवं. फार वाईट झालं. पण तपास तर पोलीसच करतील ना?"

"दोन मिनिटं. फेरीचा शेवट राहिलाय." वाटाडी नेहमीच्या जागी उभी राहिली, शटरकडे पाठ करून. "मंडळी, मी रोज इथे उभी राहून ‘झाका कान’ म्हणते. आज काय झालं? या दोघांनी एकमेकांचे कान झाकले. समितीबाईंनी डोळेसुद्धा मिटले. पिंपवाल्याने रुमाल कोंबला. म्हणजे शटर ओरडणार, असं त्यालाही वाटत होतं. त्याला काही माहीत नव्हतं. आत्या तर इथे नव्हतीच. कान न झाकणारा एकच माणूस होता."

तिने टोपीवाल्यांकडे पाहिलं.

"पहिल्या वेळी तुम्ही सगळ्यांत आधी बोटं घातली होती कानांत. दुसऱ्या वेळी मी सांगायच्याही आधी. आज हात खिशात. आज शटर ओरडणार नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"वा!" टोपीवाले हसले. "थंडी वाजत होती, हात खिशात होते. यावर माणसाला चोर ठरवायचं?"

"नुसत्या यावर नाही. चित्र आज यादीत गेलं असतं, तर तुमच्या हातून कायमचं गेलं असतं. पैसे देऊन मिळेना, म्हणून दलालाचा नाद सोडला आणि शटरवाला धरला. आत्याचं बोलणं तुम्ही बारमध्ये ऐकलंच होतं. आयता बळीचा बकरा! आणि आज तुम्ही आलात ते सगळ्यांचा विश्वास बसतोय का, हे बघायला. नसता बसला, तर ढकलून बसवायला."

"बाई, जिभेला हाड आहे का? पुरावा काय तुमच्याकडे? मी कुठल्या शटरवाल्याला ओळखत नाही. आयुष्यात एकाही शटरवाल्याशी बोललेलो..."

त्यांच्या कोटाचा खिसा थरथरला आणि मोठ्याने वाजू लागला.

खिसा वाजतच राहिला.

"घ्या ना," वाटाडी गोड आवाजात म्हणाली. "शटरवालाच असेल. मी आतून त्याला फोन केला होता. त्याचा नंबर तळपट्टीवर छापलेलाच आहे. तुम्ही त्याला ‘बाहेर काही छापायचं नाही’ म्हणून बजावलं होतं, त्याने बिचाऱ्याने आत छापला. म्हणाला, ‘ताई, नंबर न छापता काम सोडलं तर हात खाजतात हो.’ जुनं शटर अजून त्याच्या टेम्पोत आहे. रात्री उशिरा पोचवायचं ठरलंय. मी म्हटलं, मग ज्यांनी सांगितलं त्यांना आत्ताच एक फोन लावा, आणि विचारा, कुठे आणू?"

टोपीवाल्यांनी एक पाऊल मागे टाकलं. मागे पिंपवाला उभा होता, हाताची घडी घालून.

"बसा साहेब," तो म्हणाला. "पोलीस येईपर्यंत एक पेला माझ्याकडून. पाण्याचा."

"लिंबू घालून दे," लिंबूवाली म्हणाली. "मी देते फोड."

६

टेम्पो बोळात शिरला तेव्हा पोलीस टोपीवाल्यांना घेऊन गेले होते. टकला शटरवाला उतरला तो कानाच्या पाळ्या धरूनच. "मला काय ठाऊक हो? मालकाचा माणूस म्हणाला, शटर बदला, मी बदललं. जुनं भंगारात देतो, रात्री आणून द्या म्हणाला, पण चित्र बघून मला काही राहवेना. सतरंजीत गुंडाळून ठेवलं."

आत्याने सतरंजीचा कोपरा उचलला. पिवळ्या फ्रॉकवर तळवा ठेवून ती क्षणभर उभी राहिली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग नाक ओढून म्हणाली, "उभा काय राहिलास? चढव!"

समितीबाईंनी गाडीच्या वेळेकडे बघितलंसुद्धा नाही. "सकाळची गाडी असतेच," म्हणत त्या लिंबूवालीच्या बाकावर बसल्या. जोडप्याने शिडी धरली. शटरवाल्याने नवं उतरवलं, जुनं चढवलं, आणि सगळं झाल्यावर खिशातून तेलाची कुप्पी काढली. "आता जरा तेल सोडतो, म्हणजे तो आवाज..."

"नको!" सगळे एकदम ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज लिंबूवालीचा होता.

वाटाडीने घरी फोन लावला. "झोपली?"

"कसली झोपते! मीच झोपेन आता."

"फोन तिच्या कानाजवळ धर. पण फार जवळ नको हं." आणि मग नेहमीच्या जागी उभी राहून तिने हाळी दिली, "झाका कान!"

पिंपवाल्याने साखळी सोडली. शटरने अशी खणखणीत बोंब ठोकली, की वरच्या खिडकीतली टोपलीसुद्धा हलली. आज पहिल्यांदाच वाटाडी मागे वळून बघत होती. ढग आला. मग पाय, फ्रॉक, छत्री, आणि पोरगी धप्पकन तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

टाळ्या थांबेचनात. समितीबाई आत्याचा हात हातात घेऊन काहीतरी सांगत होत्या. "टाकी" एवढाच शब्द वाटाडीला ऐकू आला.

"आधी शिडी मजबूत द्या म्हणावं," आत्या म्हणत होती, डोळे पुसत. "आणि पिवळा रंग तेवढा आणू नका. तो माझ्याकडे पुष्कळ आहे."

फोनवर मात्र पार सामसूम.

"अरे, काय झालं तिकडे?" वाटाडी घाबरून म्हणाली. "रडतेय का? दचकली?"

"हळू बोल," नवरा कुजबुजला. "त्या आवाजाने डोळे एवढे मोठे केले, खुदकन हसली, आणि अंगठा तोंडात घालून गाढ झोपली."